होडीच्या मागची लाट

(समुद्रांत व खाडींत जातांना शेजाऱ्यांचा व प्राण्यांचा मान कसा राखावा, याविषयीं एक पाठ)

वाचकहो, पावसाळा सरला आणि समुद्र शांत झाला, म्हणजे कोंकणच्या बंदरांत होड्यांची वर्दळ सुरू होते. पूर्वीं होडींत बसणारा मनुष्य बहुधा कामासाठीं बसे. मासे धरावयास, पैलतीरच्या बाजारास, किंवा घरच्या आजारी माणसाला वैद्याकडे न्यावयास. आतां त्यांत सहलीसाठीं येणाऱ्यांची भर पडली आहे. घाटावरील आपल्या गांवांतूनही तरुण मंडळी व शाळेचीं मुलें समुद्र पाहावयास येतात. समुद्र पाहून मन हरखतें, हें स्वाभाविकच आहे. परंतु ज्या पाण्यावर आपण दोन घटका मौजेनें फिरतों, तें कोणाचें तरी शेत आहे व कोणाचें तरी घर आहे, ही गोष्ट आपल्या ध्यानांत राहत नाहीं. आमच्याही राहिली नव्हती. ती आम्हांस कशी कळली हें प्रथम सांगून मग पाठाकडे वळूं.

१. घडलेली गोष्ट

एका हिवाळ्यांत आम्ही घाटावरील सतरा-अठरा तरुणांस घेऊन सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील एका खाडीवर गेलों होतों. यंत्राची होडी भाड्यानें घेतली. खाडीच्या मुखाशीं पोंचतांच दूरवर तीन-चार डॉल्फिन पाण्यावर पाठ दाखवून गेले. "जवळ न्या, जवळ न्या," असा मुलांनीं एकच गलका केला. तांडेल सावकाश जात होता. त्याला चार पैसे अधिक देण्याचें आम्हींच कबूल केलें. होडी वेगानें धांवली. डॉल्फिन बुडाले व बऱ्याच अंतरावर वर आले. आम्हीं तिकडे होडी वळविली. असें तीनदां झालें, आणि चौथ्या वेळीं ते दिसलेच नाहींत.

परत येतांना ओहोटी संपत आली होती आणि आमची एस. टी. सुटण्याची वेळ जवळ आली होती. आम्हीं पुन्हां घाई केली. एका वळणावर एक बाई व तिचा मुलगा लहानशा होडींत तिसऱ्या भरीत होतीं. आमची होडी त्यांच्यापासून बरीच दूर होती; धक्का लागण्याची मुळींच भीति नव्हती. परंतु होडी पुढें निघून गेल्यावर तिच्या मागची लाट जाऊन त्या लहान होडीवर आपटली. होडी कलंडली, आंत पाणी शिरलें, आणि ओहोटीभर खपून काढलेल्या तिसऱ्या पुन्हां खाडींत गेल्या. आमच्या तांडेलानें होडी थांबविली व मागें फिरविली. बाई रागें भरली नाहीं. ती इतकेंच म्हणाली, "तुमची होडी गेली वो, पण तुमची लाट आमच्या होडयेत इली."

आम्हीं तिसऱ्यांचे पैसे दिले. तिनें ते घेतले, व घ्यावयासच हवे होते. परंतु पुढची ओहोटी येईपर्यंत तिचें काम बुडालें, तें आम्हांस भरून देतां आलें नाहीं. शिवाय ज्या डॉल्फिनांचा आम्हीं पाठलाग केला, त्यांना तर आपलें गाऱ्हाणें बोलूनही दाखवितां आलें नाहीं.

त्या बाईच्या शब्दांतच आजच्या पाठाचा सारांश आहे. होडींत बसलेल्यांचे डोळे पुढें असतात; होडीचा त्रास मागें, बाजूस व खालीं पोंचतो. यास्तव आपण गेल्यावर आपली लाट कोणाला लागते, हें पाहणें समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाचें कर्तव्य आहे.

२. पाण्यावरील शेजारी

पाण्यावर आपला पहिला शेजारी म्हणजे तेथें पोट भरणारा मनुष्य. त्याचें काम आपणांस नेहमीं दिसतेंच असें नाहीं. मालवणकडे रापण ओढतात. एक होडी लांबच लांब जाळें घेऊन समुद्रांत अर्धवर्तुळ करून येते, आणि मग किनाऱ्यावर उभे असलेले अनेक लोक दोन्ही टोंकें धरून तें जाळें ओढतात. हें काम संपावयास बराच वेळ लागतो. त्या वर्तुळांतून एखादी मौजेची होडी गेली, तर मासा बिथरून पळतो, किंवा जाळें होडीच्या पंख्यांत सांपडून फाटतें. आणि कित्येक घरांचें दिवसाचें अन्न जातें. इतर जाळीं पाण्याखालीं असतात. वर केवळ तरंगणारे बोये किंवा काठीला बांधलेलें फडकें दिसतें. तें फडकें दिसलें म्हणजे तेथें कोणाच्या तरी शेताचें कुंपण आहे असें समजून वळसा घालून जावें. ओहोटीच्या वेळीं बायका गुडघाभर पाण्यांत तिसऱ्या वेंचतात व खडकावरचीं कालवें काढितात. अशा ठिकाणीं होडी इतकी हळू चालवावी कीं मागें लाटच उठूं नये. वेगाच्या लाटांनीं खाडीचे मातीचे कांठही ढांसळतात, ही दुसरी हानि.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न नव्हे. समुद्रावर होड्यांची टक्कर होऊं नये म्हणून राष्ट्रांनीं १९७२ सालीं एकत्र येऊन नियम ठरविले, व ते १९७७ पासून अमलांत आले. त्यांतील मुख्य गोष्टी कोणासही समजण्यासारख्या आहेत. प्रत्येक होडीवर सतत पाहणारा व ऐकणारा मनुष्य असावा. जरूर पडतांच थांबतां येईल इतकाच वेग ठेवावा. यंत्राच्या दोन होड्या समोरासमोर आल्या, तर दोघींनींही उजवीकडे वळावें. मागून येऊन पुढें जाणारीनेंच दुसरीस मोकळी वाट द्यावी. यंत्राच्या होडीनें शिडाच्या होडीस, आणि जाळें टाकून मासे धरीत असलेल्या होडीस वाट करून द्यावी. यांतील शेवटचे नियम पाहतां असें दिसतें कीं, जिला सहज वळतां येतें तिनें, जिला वळतां येत नाहीं तिच्यासाठीं वळावें. बळकटानें दुबळ्यासाठीं बाजूस व्हावें, हा शेजारधर्म समुद्राच्या कायद्यांतच लिहिलेला आहे.

हे नियम मोडले, किंवा होडी ताब्यांतून सुटली, तर काय होतें, याचें दुःखद उदाहरण अलीकडचेंच आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजीं मुंबईहून घारापुरीस जाणाऱ्या 'नीलकमल' या प्रवासी नौकेस नौदलाच्या एका वेगवान नावेची धडक बसली. त्या नावेच्या यंत्राची चांचणी चालू असतां तिच्यावरील ताबा सुटला होता. या अपघातांत १५ माणसें प्राणांस मुकलीं. म्हणून होडींत पाय ठेवतांच तरंगण्याचें जाकीट अंगांत घालावें, व ठरल्यापेक्षां अधिक माणसें होडींत घेण्याचा आग्रह तांडेलास करूं नये. "थोडाच वेळ तर जावयाचें आहे," हें बोलणें समुद्रापुढें चालत नाहीं.

३. ज्यांना श्वासासाठीं वर यावें लागतें

आतां ज्यांना बोलतां येत नाहीं अशा शेजाऱ्यांकडे वळूं. पुष्कळ लोक डॉल्फिनास मासा समजतात. तो मासा नव्हे. तो आपल्याप्रमाणेंच हवेंत श्वास घेतो. मादी एका वेळीं एकच पिलूं देते व त्याला आपलें दूध पाजिते. आपल्या किनाऱ्यालगत जो पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन दिसतो, तो खोल समुद्रांत फारसा जात नाहीं. उथळ पाणी व खाड्यांचीं मुखें हींच त्याची वस्ती. आणि माणसांच्या होड्यांची दाटीही तेथेंच असते. निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघानें २०१७ सालीं या जातीची गणना नाहींशा होण्याचा धोका असलेल्या प्राण्यांत केली.

डॉल्फिन गढूळ पाण्यांत डोळ्यांपेक्षां कानांवर अधिक विसंबतो. तो आवाज सोडतो, आणि त्याचा प्रतिध्वनि ऐकून भक्ष्य कोठें आहे व वाट कोठें आहे हें ओळखतो. पाण्यांत आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगानें जातो. अशा ठिकाणीं चार-पांच यंत्रें एकाच वेळीं घरघरूं लागलीं, म्हणजे त्याच्या दृष्टीनें जणूं डोळ्यांपुढें धूर पसरतो. आई पिलाला दूध पाजीत असली तर तिला पळावें लागतें, आणि दमलेल्या पिलाला श्वास घ्यावयास वर यावें तर वर होडी उभी! आम्हीं त्या दिवशीं ज्याला खेळ म्हटलें, तें त्यांच्या बाजूनें पाहिलें तर पळापळ होती.

मग डॉल्फिन पाहूंच नयेत काय? अवश्य पाहावेत; परंतु पाहुण्यासारखे. ऑस्ट्रेलियांतील राष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत होडीनें डॉल्फिनापासून ५० मीटर व देवमाशापासून १०० मीटर दूर राहावें असें सांगितलें आहे, आणि एका वेळीं तीनांहून अधिक होड्या जवळ असूं नयेत असेंही म्हटलें आहे. आपल्याकडेही हा धडा घेण्यासारखा आहे. होडी त्यांच्या वाटेवर आडवी घालूं नये व पाठीमागूनही लागूं नये. बाजूनें, हळू, त्यांच्याच दिशेनें जावें. ते दूर जाऊं लागले तर जाऊं द्यावेत. त्यांना कांहीं खावयास टाकूं नये, व हात लावण्यासाठीं पाण्यांत उडी घेऊं नये. आपण शांत राहिलों तर पुष्कळदां ते आपण होऊनच जवळ येतात. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सर्व जातींच्या डॉल्फिनांस अत्यंत कडक संरक्षण दिलेलें आहे, हेंही सर्वांस ठाऊक असावें.

समुद्री कांसवालाही श्वासासाठीं वर यावें लागतें, आणि कधीं कधीं तें पाण्यावर तरंगत विसांवा घेतें. वेगानें येणाऱ्या होडीपासून त्याला सुटतां येत नाहीं, व पंख्यानें त्याची पाठ चिरली जाते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्रीं कोंकणच्या वाळूवर येऊन अंडीं घालतात. एका घरट्यांत शंभराच्या आसपास अंडीं असतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनीं पिलें बाहेर पडतात, आणि त्यांतून मोठीं होणारीं अगदींच थोडीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं २००२ सालापासून हीं अंडीं राखण्याचें काम चालू झालें, व गांवकऱ्यांनीं तें आपलेंसें केलें. पूर्वीं जेथें अंडीं चोरीस जात, तेथें आतां पिलें समुद्रांत जातांना पाहावयास दुरून लोक येतात. परंतु किनाऱ्यावर राखलेलें जर किनाऱ्यासमोरच्या पाण्यांत होडीखालीं मारलें, तर त्या श्रमाचें काय झालें? म्हणून या महिन्यांत अशा वाळूपुढें होडी हळू न्यावी, रात्रीं तेथें होडी लावूं नये, व दिव्यांचा झोत वाळूवर टाकूं नये. होडींतून प्लास्टिकची एकही पिशवी पाण्यांत पडूं देऊं नये. तरंगती पिशवी कांसवाला जेलीमाशासारखी दिसते व तें ती गिळतें.

४. पांखरें

पांखरांस उडतां येतें, म्हणून त्यांना आपला त्रास होत नाहीं, असें वाटतें. परंतु त्यांना उडावयास लावणें हाच त्रास आहे. ठाण्याच्या खाडींत हिवाळ्यांत हजारों रोहित पक्षी येतात. त्या खाडीचा भाग २०१५ सालीं अभयारण्य झाला, आणि २०२२ सालीं त्याची गणना जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलांत हे पक्षी चरतात. त्यांच्याबरोबर जे लहान चिखलपक्षी असतात, त्यांपैकीं पुष्कळांना वसंतांत उत्तरेकडे हजारों कोस उडून जावयाचें असतें, व त्यासाठीं अंगांत चरबी सांठवावी लागते. चांगलें छायाचित्र मिळावें म्हणून कोणी होडी थव्यांत घुसविली, म्हणजे थवा उडतो, आणि प्रत्येक उड्डाणाबरोबर त्या शिदोरींतला एक घांस खर्चीं पडतो. ओहोटी पुन्हां येईल; पण उडावयाचा दिवस थांबत नाहीं.

दक्षिणेस वेंगुर्ल्यासमोर समुद्रांत जे खडक आहेत, तेथील गुहेंत पाकोळ्या आपल्या लाळेनें घरटीं बांधितात, व उघड्या खडकांवर सुरय पक्षी अंडीं घालतात. होडी खडकाला लागून माणसें वर चढलीं, म्हणजे आईबापें उडून जातात. उन्हांत उघडीं पडलेलीं अंडीं तापून मरतात, किंवा त्यांवर दुसरे पक्षी टपलेले असतातच. विणीच्या दिवसांत अशा खडकांवर उतरूंच नये. पांखरांनीं माना वर केल्या, चरणें सोडलें, किंवा ओरडूं लागलीं, तर "आतां पुरे" असा तो निरोप समजून मागें फिरावें.

५. होडीच्या खालीं

होडीच्या मागें काय होतें तें निदान वळून पाहतां येतें. खालीं काय होतें तें तेंही नाहीं. मालवणच्या बंदरासमोर सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं त्याचें काम सुरू केलें. त्या किल्ल्याभोवतालच्या पाण्यांत प्रवाळ आहेत. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो दगड नव्हे; अति लहान प्राण्यांनीं मिळून बांधलेली ती वस्ती असते, व तिच्यांत माशांचीं पिलें आसरा घेतात. प्रवाळाच्या कित्येक जाती वर्षाला बोटाच्या पेराइतक्याही वाढत नाहींत. तेथें नांगर टाकला व ओढला, किंवा पाण्यांत उतरलेल्या प्रवाशानें त्यावर पाय ठेवला, तर क्षणांत मोडतें तें भरून यावयास कित्येक वर्षें लागतात. म्हणून तेथें बांधून ठेवलेल्या बोयास होडी बांधावी, नाहीं तर स्वच्छ वाळूवरच नांगर टाकावा.

या पाण्याचा २९.१२ चौरस किलोमीटर भाग १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तेव्हां स्थानिक मच्छीमारांनीं त्यास विरोध केला. आपलें पिढीजात पाणी आपणांस बंद होईल, ही त्यांची भीति होती. ही भीति हंसण्यावारीं नेण्यासारखी नाहीं. प्रवाळ राखावयाचा व मच्छीमारास विसरावयाचें, हा मान नव्हे. आणि मच्छीमाराचें नांव पुढें करून प्रवाळ मोडावयाचा, हाही नव्हे. ज्याला पाणी ठाऊक आहे त्याला विचारून, त्याच्या पोटाची सोय पाहून जें राखलें जातें, तेंच टिकतें.

६. एक आक्षेप

कोणी म्हणेल, "हें सर्व त्या होडीवाल्याला सांगा, आम्ही केवळ बसणारे." आम्हींही असेंच म्हटलें असतें. परंतु त्या दिवशीं वेग वाढविण्यास पैसे कोणीं देऊं केले? तांडेलाचें पोट प्रवाशाच्या खुशीवर आहे. जो जवळ नेतो त्याची होडी भरते, आणि जो दूर थांबतो त्याची रिकामी राहते, अशी रीत आपणच पाडिली, तर दोष एकट्या त्याचा कसा? उलट, "हळू चला, आम्हांस घाई नाहीं," असें पैसे देणाऱ्यानेंच म्हटलें, तर तांडेल मोकळ्या मनानें हळू चालेल. इंधन वांचेल, तेंही त्याच्याच हिताचें.

प्राण्याचा मान राखावा आणि गरिबाची झीज मात्र कोणीं पाहूं नये, असें नसावें, हें महाराष्ट्र शासनासही पटलें आहे. संरक्षित प्राणी जाळ्यांत अडकला असतां जो मच्छीमार आपलें जाळें कापून त्याला जिवंत सोडील, त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना डिसेंबर २०१८ मध्यें सुरू झाली. जाळें म्हणजे मच्छीमाराचें भांडवल. एका कांसवासाठीं तें स्वतःच्या हातानें कापणें सोपें नाहीं. तरी आपल्या किनाऱ्यावर तें करणारे लोक आहेत. त्यांच्यापुढें, एका छायाचित्रासाठीं धांवपळ करणाऱ्या आम्हां प्रवाशांनीं काय सोडावें? थोडी घाई व थोडी हांव, इतकेंच.

७. ध्यानांत ठेवण्याच्या गोष्टी

(१) होडींत बसण्यापूर्वीं भरती-ओहोटीची वेळ विचारावी, आणि परतीची वेळ सैल ठेवावी. घाई बहुधा किनाऱ्यावरच सुरू होते.
(२) तरंगण्याचें जाकीट सर्वांनीं घालावें. मुलांचें आधीं पाहावें.
(३) जाळें, लहान होडी, पाण्यांत काम करणारीं माणसें, किंवा मातीचा कांठ दिसतांच वेग कमी करण्यास सांगावें.
(४) डॉल्फिन, कांसव किंवा पांखरें दिसल्यास दूर थांबावें, आवाज करूं नये, व पाठलाग करूं नये.
(५) कचरा पिशवींत घालून परत आणावा.
(६) उतरतांना तांडेलानें सावकाशी दाखविली असेल, तर त्याचे आभार मानावे, आणि दुसऱ्यांनाही त्याच्याच होडीनें जाण्यास सांगावें.

ज्यांच्या गांवीं समुद्र नाहीं, त्यांनीं हा पाठ आपला नव्हे असें समजूं नये. नदींत डोंगी असते, रस्त्यावर गाडी असते, विहिरीवर घागर असते. आपण पुढें गेल्यावर मागच्याला चिखल उडाला काय, पाणी गढूळ झालें काय, हें वळून पाहण्याची संवय जेथें लागेल तेथें लागो.

त्या खाडीवर आम्ही पुढच्या वर्षीं पुन्हां गेलों. तोच तांडेल होता. तें वळण येण्यापूर्वींच आम्हीं हात वर केला. तो हंसला व त्यानें यंत्र मंद केलें. ओहोटी होती, व कांहीं बायका पाण्यांत वांकून काम करीत होत्या. आमची होडी जवळून गेली, तरी त्यांपैकीं कोणी मान वर करून पाहिलें नाहीं. लाट त्यांच्यापर्यंत पोंचलीच नव्हती.

वर्गासाठीं प्रश्न

१. त्या बाईच्या होडीस धक्का लागला नव्हता, तरी तिची हानि कशी झाली?
२. शिडाच्या किंवा जाळें टाकलेल्या होडीस यंत्राच्या होडीनें वाट कां द्यावी?
३. डॉल्फिन मासा नव्हे, हें कशावरून?
४. पांखरांना उडावयास लावल्यानें त्यांची काय हानि होते?
५. तांडेल हळू चालावा म्हणून प्रवाशांस काय करितां येईल?
६. आपल्या गांवांत आपली 'लाट' कोणाला लागते? एक उदाहरण सांगा, व ती कशी थांबवाल तें ठरवा.